विस्थापितांच्या छावणीतील पाण्याचा हिशेब

(लखनौ येथे मदतकार्यात उतरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. मराठी वाचकांसाठी महाराष्ट्रातील काही दाखले येथे अधिक विस्ताराने दिले आहेत.)



आजच्या वर्गासाठी ठरलेला विषय आहे, विस्थापित कुटुंबांच्या छावण्यांतील पिण्याच्या पाण्याची व्यवस्था. अशा वर्गात जमीन, वेतन, महागाई या प्रश्नांची चर्चा करण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने हा विषय काहीसा रुक्ष व तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याचे घर गेले आहे त्याच्यापुढे पहिल्या दिवशी उभा राहणारा प्रश्न जमिनीचा नसतो, नुकसानभरपाईचाही नसतो. तो पाण्याचा असतो. अन्नावाचून माणूस काही दिवस तग धरतो, पाण्यावाचून धरीत नाही. आणि घाणेरडे पाणी पिऊन तो तगला तरी त्याचे मूल तगेलच असे नाही. म्हणून मदतकार्याला आपण जाणार असू तर पाण्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असला पाहिजे, हेच आज मला सांगावयाचे आहे.

नाव बदलले की पाणी बदलते

माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. वृत्ते, निवेदने, सरकारी परिपत्रके एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणणे हे माझे नित्याचे काम. या कामात एक गोष्ट सतत नजरेस येते. घर गमावलेल्या माणसाला सरकारी भाषेत अनेक नावे आहेत: पूरग्रस्त, दंगलपीडित, निर्वासित, प्रकल्पग्रस्त, अतिक्रमणधारक. पाच माणसांच्या कुटुंबाची तहान या प्रत्येक नावाखाली तेवढीच असते. परंतु फायलीच्या माथ्यावर कोणता शब्द लिहिला जातो यावरून टँकर येणार की नाही, आला तर किती दिवस येणार, हे ठरते. पूरग्रस्ताला पाणी मिळणे हे सरकारचे कर्तव्य मानले जाते. दंगलपीडिताला ते उपकार म्हणून मिळते. अतिक्रमणधारकाला मात्र त्याचे पाणी तोडूनच हुसकावले जाते.

या राज्यात ही सर्व नावे एकाच वेळी नांदत आहेत. घाघरा आणि शारदा या नद्यांच्या काठचे शेतकरी व शेतमजूर पावसाळ्यात बंधाऱ्यांवर येऊन राहतात. नदीने ज्यांची जमीनच कापून नेली त्यांचा मुक्काम पुढे वर्षानुवर्षे तेथेच पडतो. सप्टेंबर २०१३ मध्ये मुझफ्फरनगर व शामली जिल्ह्यांतील दंगलींमुळे ५० हजारांहून अधिक माणसे घरे सोडून निघाली आणि मदरसे, ईदगाह व मोकळ्या शेतांत उभ्या राहिलेल्या छावण्यांत राहिली. त्या छावण्यांत डिसेंबरपर्यंत १५ वर्षांखालील ३४ मुले दगावल्याचे राज्य सरकारनेच नेमलेल्या समितीने नमूद केले. ही सर्व मुले पाण्याने गेली असे म्हणणे चुकीचे होईल. थंडी, न्यूमोनिया, अतिसार, अपुरी वैद्यकीय मदत अशी कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. परंतु उघड्यावर राहणाऱ्या, अपुरे खाणाऱ्या आणि मिळेल ते पाणी पिणाऱ्या मुलाच्या अंगी थंडीला तोंड देण्याचे बळ उरत नाही, हे सांगायला समितीची गरज नाही. त्याच डिसेंबरच्या अखेरीस छावण्या हटवण्याचे काम सुरू झाले होते.

आणि या लखनौ शहरात, कुकरैलच्या काठी असलेली अकबरनगरची वस्ती जून २०२४ मध्ये पाडण्यात आली. एक हजाराहून अधिक घरे गेली आणि कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसंतकुंजच्या बाजूला पाठवण्यात आले. भर जूनच्या उन्हात हे घडले. अशा वेळी कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा: आज माणशी किती लिटर पाणी मिळाले?

पुण्याचा धडा

महाराष्ट्रातील एक दाखला घेऊ. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने मुठेवरील खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबे बेघर झाली. परंतु पूर ओसरल्यावर पुणेकरांना एका विचित्र संकटास तोंड द्यावे लागले. ज्या पाण्याने घरे वाहून नेली, त्याच पाण्यावर शहर जगत होते. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येत असे. धरण फुटले आणि नळ कोरडे पडले. शाळांत आणि धर्मशाळांत आश्रय घेतलेल्या कुटुंबांना चिखलाने भरलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हते.

त्या वेळी उपयोगी पडले ते जुने आड, विहिरी, आणि पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या नळाचे हौद. नव्या व्यवस्थेने विसरलेले पाणी संकटात कामी आले. येथून पहिला धडा असा की, एकाच उगमावर अवलंबून राहू नये. छावणीची जागा ठरताच अर्ध्या कोसाच्या परिघातील प्रत्येक विहीर, हातपंप, नळकूप आणि तलाव यांची यादी करावी. कोणते पाणी पिण्याचे, कोणते केवळ धुण्याचे, हे पहिल्या दिवशीच लिहून टाकावे.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. पानशेतच्या पूरग्रस्तांसाठी निसन हट उभारण्यात आले, वसाहती वसवण्यात आल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे आज पुण्याच्या नकाशावर कायमची आहेत. १९४७ साली सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले, त्याचे १९४९ साली उल्हासनगर झाले. तेथील माणूस आजही आपला पत्ता ‘कँप नंबर’ने सांगतो. छावणी तात्पुरती आहे, असे अधिकारी नेहमी सांगतात आणि त्या सबबीवर नळ घालण्याचे टाळतात. इतिहास असे सांगतो की, छावणी पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून टँकर ही पहिल्या आठवड्याची सोय होय. त्यानंतर नळ, टाकी आणि पंप यांची मागणी केलीच पाहिजे.

१९७१ ची आठवण

छावणीत पाण्याने काय होऊ शकते याचा सर्वांत मोठा अनुभव या देशाने १९७१ साली घेतला. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पावसाळा सुरू होताच सीमेलगतच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनवीस यांच्यापुढे रुग्णांची रीघ लागलेली होती आणि शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा संपत आला होता. त्यांनी साखरेचा (ग्लुकोजचा), मिठाचा आणि खाण्याच्या सोड्याचा मोजून बनवलेला घोळ पाण्यात कालवून पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज ज्याला आपण ‘ओआरएस’ म्हणतो, त्याची ही खरी कसोटी होती. डॉ. महालनवीस २०२२ साली निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

या घटनेचा गौरव करताना तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. संकटात लोक असहाय प्रेक्षक नसतात. हातात मोजमाप आणि समजावून सांगितलेली कृती दिली की अशिक्षित आईदेखील प्राण वाचवू शकते. परंतु आणखीही एक गोष्ट आहे. घोळ रुग्णाला वाचवतो. साथ थांबवतो तो शुद्ध पाण्याचा पुरवठा आणि विष्ठेची नीट विल्हेवाट. १९९४ साली रुआंडातील निर्वासित झाईरमधील गोमा येथे आले तेव्हा ज्वालामुखीच्या खडकाळ जमिनीत ना विहिरी खणता येत होत्या, ना शौचखड्डे. पटकी आणि हगवणीने पहिल्या महिन्यातच हजारोंच्या संख्येने माणसे मेली. औषधे त्या काळी जगाला ठाऊक होती. पाणी मात्र वेळेवर पोहोचले नाही.

आकडे तोंडपाठ असावेत

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात जो ‘स्फिअर’ नावाचा दंडक मान्य आहे त्यानुसार माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व अंगधुणीसाठी मिळाले पाहिजे. एका नळावर २५० पेक्षा अधिक, हातपंपावर ५०० पेक्षा अधिक आणि उघड्या विहिरीवर ४०० पेक्षा अधिक माणसे असू नयेत. पाणी ५०० मीटरच्या आत असावे आणि रांगेत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ नये.

आपल्या देशातही दंडक आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमाने निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता यांबाबत किमान प्रमाण ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकली. त्यानुसार निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ३ लिटर पिण्याचे पाणी, शौच व स्नानासाठी निराळे १५ लिटर, ३० माणसांमागे एक शौचकूप आणि पाण्याची जागा शक्यतो छावणीतच, अन्यथा ५०० मीटरच्या आत, असे म्हटले आहे. अन्य उपाय नसेल तर निदान दुप्पट क्लोरीन टाकलेले पाणी द्यावे, असेही त्यात नमूद आहे.

समजा छावणीत ५ हजार माणसे आहेत. १५ लिटरच्या हिशेबाने रोज ७५ हजार लिटर पाणी हवे. १० हजार लिटरचा टँकर असेल तर दिवसाला आठ खेपा. नळ असतील तर किमान २०, हातपंप असतील तर किमान १०. अधिकारी ‘टँकर सुरू केला आहे’ असे उत्तर देतो तेव्हा आपला पुढचा प्रश्न तयार हवा: किती लिटरचा, दिवसाला किती खेपा? तीन खेपा होत असतील तर माणशी ६ लिटर पाणी मिळते, हे त्याला तेथल्या तेथे सांगता आले पाहिजे. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

सोलापूरचा पंप, लखनौचे पाणी

उत्तर प्रदेशच्या कोणत्याही खेड्यात जा, ‘इंडिया मार्का’ हातपंप दिसेल. फार थोड्यांना ठाऊक आहे की, या पंपाची वंशावळ मराठवाडा-सोलापूरकडे पोहोचते. साठीच्या दशकातील दुष्काळानंतर देशभर कूपनलिका खणल्या गेल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी होते. सारे गाव त्यांवर लोटले तेव्हा ते मोडून पडू लागले. जालना आणि सोलापूर येथे कारागिरांनी व मदतसंस्थांनी मिळून गावाचा भार सोसेल असा पोलादी पंप तयार केला. त्या सोलापूर पंपावरूनच सत्तरीच्या दशकात, युनिसेफच्या साह्याने व रिचर्डसन अँड क्रूडास या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या सहभागाने ‘इंडिया मार्क दोन’ घडला, आणि पुढे तो आफ्रिकेतही गेला.

छावणीच्या दृष्टीने यातील बोध असा. उथळ थरातले पाणी देणारा साधा घरगुती नळ आणि खोल थरातले पाणी देणारा इंडिया मार्का यांत फरक केला पाहिजे. शौचखड्ड्याची घाण आणि पुराचे पाणी आधी उथळ थरात उतरते. जो पंप पुरात बुडाला होता त्याचे पाणी क्लोरीनने धुऊन घेतल्यावाचून पिऊ देऊ नये. शौचखड्डा पाण्यापासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. बलियासारख्या जिल्ह्यांत भूजलात आर्सेनिक आहे. ते क्लोरीनने जात नाही, उकळूनही जात नाही. तेथे पाण्याची तपासणी हाच मार्ग आहे आणि ती करून देण्याची मागणी जिल्हा प्रशासनाकडे लेखी केली पाहिजे.

मूठभर पावडर

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत जिला ‘टीसीएल पावडर’ म्हणतात ती ब्लीचिंग पावडर हे आपले मुख्य साधन. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर एक हजार लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम पुरते. पूर किंवा साथ असेल तर दुप्पट घ्यावी. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतावी. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर एक तास पाणी वापरू नये. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसवावा. पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे ओ.टी. चाचणीने कळते: थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर ठीक.

बंधाऱ्यावर विखुरलेली दहा-वीस माणसे एका लहान विहिरीवर असतील तर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेची दोन मडक्यांची रीत उपयोगी पडते. एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू ओलसर मिसळून आतल्या मडक्यात भरावी, ते मडके दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवावे, दोन्हींना एकेक भोक असावे आणि ती जोडी पाण्याखाली एक मीटर खोल टांगावी. दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू पाण्यात झिरपत राहतो.

आता वरील ५ हजारांच्या छावणीचा हिशेब पुन्हा करा. ७५ हजार लिटर पाण्याला दुप्पट मात्रेने रोज सुमारे ३७५ ग्रॅम पावडर लागेल. अर्ध्या किलोहूनही कमी! पाच हजार माणसांच्या जिवाचे रक्षण करणारी वस्तू इतकी स्वस्त असूनही जेव्हा छावणीत अतिसार पसरतो, तेव्हा पैसा नव्हता हे कारण कोणी पुढे करू नये. काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते, हेच त्याचे खरे कारण असते.

रांग आणि घागर

शुद्ध पाणी टाकीत असणे पुरेसे नाही. टाकीपासून मुलाच्या तोंडापर्यंतच्या वाटेत ते पुन्हा बिघडते. १९९३ साली मलावीतील न्यामिथुथु येथे मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत काही कुटुंबांना झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या देण्यात आल्या. आत हात बुडण्याचे थांबले, एवढाच फरक. पण त्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांत अतिसार सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून मदतीच्या सामानात ब्लँकेटांबरोबर प्रत्येक कुटुंबामागे दोन झाकणाची भांडी असलीच पाहिजेत, एक आणण्यासाठी व एक साठवण्यासाठी. आणि ओगराळे दांडीचे असावे.

रांगेत कोण उभे असते? बायका आणि मुली. पाण्याची जागा कोठे असावी, तेथे दिवा असावा की नाही, टँकरची वेळ कोणती, हे त्यांनाच ठाऊक असते. परंतु छावणीची समिती नेमली जाते तेव्हा तीत पुरुषांचीच नावे येतात. पाणीसमितीत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, असा आपला आग्रह असला पाहिजे.

शिवाय जातीचा प्रश्न आहे. संकटात सारे एक होतात, ही समजूत भाबडी आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदतीच्या टाक्यांवर पाणी भरू दिले नाही, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो हक्क बजावला, तो छावणीतील नळावरही रोज बजावावा लागतो. आपल्या कार्यकर्त्याने टाकीपाशी उभे राहून हे पाहिले पाहिजे.

हक्काची बाजू

कायद्यातील ‘आपत्ती’च्या व्याख्येत मानवनिर्मित कारणांचाही समावेश आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. मानवनिर्मित कारणांनी बेघर झालेल्यांसाठीही तेच किमान प्रमाण मागण्यास ही व्याख्या आधार देते. तो अर्थ प्रशासनाकडून मान्य करून घेणे हे चळवळीचे काम आहे. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर असा निर्णय दिला की, घर बेकायदा आहे एवढ्या कारणाने नागरिकाला पाणी नाकारता येणार नाही; पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही जुलै २०१० मध्ये पाण्याचा हक्क मान्य केला. झोपडी पाडण्याआधी नळ तोडणे किंवा छावणी उठवण्यासाठी टँकर बंद करणे, या गोष्टींना या निर्णयांच्या आधारे आव्हान देता येते.

आपली कामे

मित्रहो, याच लखनौत एप्रिल १९३६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा जन्म झाला. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीसाठी ती उभी राहिली, त्याचाच नातू आज नदीच्या बंधाऱ्यावर नाहीतर शहराच्या वेशीवर ताडपत्रीखाली राहत असेल. त्याच्यासाठी करावयाची कामे साधी आहेत.

छावणीत पोहोचताच डोकी मोजावीत आणि पाण्याच्या जागांची यादी करावी. स्त्रियांच्या बहुमताची पाणीसमिती पहिल्या दोन दिवसांत निवडावी. एक वही घालून तीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: किती लिटर पाणी आले, रांगेत किती वेळ गेला, ओ.टी. चाचणी पिवळी आली की नाही. चौथ्या रकान्यात जुलाबाच्या रुग्णांची संख्या लिहावी. आठवड्याला त्या वहीची प्रत जिल्हाधिकाऱ्यास द्यावी व पोच घ्यावी. पावडर टाकण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे आणि तो नसेल त्या दिवशी कोण, हेही ठरवावे. वर्गणीतून जे गोळा होईल त्यातून आधी झाकणाची भांडी घ्यावीत.

आपण टँकर आणून दिला तर त्या दिवसाची तहान भागेल. ते अवश्य करावे. परंतु आपण निघून गेल्यावर त्या छावणीतील बाई जर वही उघडून अधिकाऱ्याला सांगू शकली की, ‘काल माणशी सहाच लिटर पाणी आले, आमचे पंधरा आहे,’ तर आपले काम झाले असे समजावे. ती वही घेऊन आपण या वर्गातून निघू या.